पावती फाडायची की नाही?

आमच्या मागच्या गल्लीतला मुलगा सुदामानगरजवळच्या एका खासगी शाळेत ऑफिसात लागला. महिनाभरात दोघे जण सभासद वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन त्याच्याकडे येऊन गेले. एक शाळेतल्याच कर्मचारी समितीचा, दुसरा बाहेरच्या युनियनचा. रविवारी पोहे-जिलेबी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, कुणाची पावती फाडू?" इंदूरच्या शाळांत मी एकतीस वर्षं बाबूगिरी केली. त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय.

शाळा म्हणजे शिक्षक, असं बाहेरच्यांना वाटतं. पावणेसातला फाटक उघडणारा चौकीदार, बसमधून शेवटचं पोर उतरल्याशिवाय न उतरणारी अटेंडंट, नर्सरीतली ओली चड्डी बदलणारी बाई आणि टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला लिहिणारा बाबू त्यांच्या हिशेबात नसतात. बाई एक दिवस आली नाही तर साडेआठपर्यंत प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कायद्याने मात्र आपल्याला शिक्षकांपासून वेगळं काढलं, आणि ते आपल्या फायद्याचं ठरलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात शिक्षणसंस्थाही 'उद्योग' धरल्या. १९८८ मध्ये त्याच कोर्टाने शिक्षक 'कामगार' नाहीत असं सांगितलं. म्हणजे नोकरीवरून काढलं तर भृत्य (शिपाई), ड्रायव्हर, बाबू श्रम न्यायालयाचं दार ठोठावू शकत होते, गणिताचे सर नाही. म्हणून शिक्षकांच्या संघटनेत शेपटासारखं जायला माझा पहिल्यापासून विरोध. त्यांचं भांडण वेगळं, वाट वेगळी. अध्यक्ष नेहमी सरच होतात, आपल्याकडे सतरंज्या उचलायचं काम येतं.

आता समिती. तिच्या बाजूने बोलायचं तर ती जवळ असते आणि वर्गणी नावापुरती. स्वेटर, दिवाळीची मिठाई, पोरांच्या फीमध्ये सूट, आजारपणात उचल ही कामं ती खरोखर करते, आणि बाहेरची युनियन त्यात लक्षही घालत नाही. पण समितीचा प्रमुख व्यवस्थापनाचाच माणूस असला की पैशाचा मोठा प्रश्न तिथे अडतो.

मी ज्या एका शाळेत होतो तिथे एका बाईंना दर मे महिन्यात 'ब्रेक' देत आणि जूनमध्ये नवं पत्र. अठरा वर्षांनी घरी बसवताना म्हणाले, सलग नोकरी नाही, ग्रॅच्युइटी कसली? समितीने शाल-श्रीफळ दिलं. मी मस्टर काढून बसलो. निळ्या शाईचे अंगठे आणि पुढे त्यांनी शिकून घेतलेली वाकडी सही. दर वर्षी भरपगारी रविवार-सुट्ट्या धरून २४० दिवसांच्या वरच. कायद्याला तेवढं पुरतं. हिशेबही सोपा: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बारा हजारांवर अठरा वर्षांचे सुमारे १,२४,६०० रुपये. श्रम कार्यालयात त्यांच्याबरोबर गेला तो बाहेरच्या युनियनचा माणूस. वकिलाची फी न घेता चकरा मारल्या त्याने, आणि पैसे मिळाले. दोन वर्षं लागली, हेही खरं.

बाहेरच्या युनियनचे दोषही मोजून सांगतो. झेंडा पक्षाचा असतो, मोर्चाला माणसं लागतात आणि सभासद पाच-सात असले तर तुमची फाईल खाली जाते. आपल्या शहरात मात्र या झेंड्यांची मुळं खोल आहेत. कामगार नेते होमी दाजी १९६२ मध्ये इथूनच लोकसभेवर गेले, मिल कामगारांच्या जोरावर. भारतीय मजदूर संघ १९५५ मध्ये भोपाळात स्थापन झाला, दत्तोपंत ठेंगडींनी केला. आणि हुकुमचंद मिल! नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली, सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. तीस वर्षं. त्यात किती जण गेले. तरी कागद जिवंत ठेवणारं कुणीतरी होतं, म्हणून वारसांना तरी मिळाले.

सरकारी शाळेत असाल तर गोष्ट निराळी. तिथे लघु वेतन कर्मचारी संघासारख्या संघटना समयमान वेतन (बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळणारी वरची वेतनश्रेणी) आणि अनुकंपा नियुक्ती यांवर बोलतात, आणि बदली थांबवायला ओळख कामाला येते. पण संपाचा हक्क नाही. सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच सांगितलंय. सभासद व्हा, फार विचार करू नका.

खासगीत मात्र एक नवी अडचण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यात 'उद्योग' या शब्दातून सेवाभावी संस्था वगळल्या आहेत. शाळा चालवणारे ट्रस्टवाले आता त्याच ओळीवर बोट ठेवणार. पावती फाडण्याआधी युनियनवाल्याला सरळ विचारा, याला तुमचं उत्तर काय? जो "बघू हो" म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. सोबतच्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीवर नेमलेल्यांना एका वर्षातच ग्रॅच्युइटी लागू केली आहे. हे त्याला माहीत आहे का, तेही बघा.

एवढं बोलून मी त्या मुलाला म्हटलं, "नेमणूकपत्र दाखव." फोनमध्ये फोटो होता. वर शाळेचं नावच नव्हतं, एका ठेकेदार एजन्सीचं होतं. समितीच्या नियमाप्रमाणे तो सभासद होऊच शकत नव्हता. पावतीवाल्याने पत्र बघितलंच नव्हतं. पीएफचा नंबर विचारला, तर तोही त्याला ठाऊक नव्हता. "आधी तो काढ," म्हटलं. "ठेकेदाराने पगार बुडवला तर देणं शाळेच्या गळ्यात येतं. म्हणून हजेरीचा रोज एक फोटो काढून ठेव. आणि त्या दुसऱ्याला विचार, एजन्सीची किती पोरं आहेत तुमच्याकडे?"

संध्याकाळी त्याचा मेसेज आला: बस आणि सफाई मिळून अकरा.