दिवाळीची रजा नाकारली तर ईईओसीचं पोर्टल कितपत कामाचं?

अमेरिकेत सणाच्या धार्मिक विधीसाठी मागितलेली रजा कंपनीने धुडकावली, तर दाद मागायची सरकारी जागा म्हणजे समान रोजगार संधी आयोग, ईईओसी. त्यांचं पोर्टल फुकट आहे, वकील लागत नाही. कंपनीत किमान १५ कर्मचारी हवेत. न्यू जर्सीच्या राज्य कायद्यात ही अट नाही.

प्रश्नांची उत्तरं, चौकशी अर्ज, मग मुलाखत, असा क्रम आहे. घोळ इथेच होतो. चौकशी अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. मुलाखतीनंतर तयार झालेला मसुदा वाचून पोर्टलवर सही केली, की मगच ती दाखल होते. मुदत रजा नाकारल्यापासून १८० दिवस. राज्याची स्वतःची भेदभावविरोधी यंत्रणा असेल तर ३००. सुट्ट्याही त्यातच मोजतात, आणि एचआरकडे दाद मागितल्याने मुदत थांबत नाही. ६० किंवा त्याहून कमी दिवस उरले असतील तर पोर्टल झटपट दाखल करण्याच्या वेगळ्या सूचना देतं. ही सोय खरंच मोलाची.

पण पोर्टल कितीही चांगलं असलं तरी प्रकरण उभं राहतं ते रजेच्या मेलवर. 'घरी कार्यक्रम आहे' एवढंच लिहिलं, तर कारण धार्मिक होतं हे आम्हाला कळलंच नाही, असं म्हणायला कंपनी मोकळी. त्यापेक्षा असं लिहावं: 'रविवारी ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. हा आमचा धार्मिक विधी असल्याने दुपारी चारनंतरची सुट्टी हवी. शिफ्ट बदलून घ्यायला तयार आहे.' आपले सण तिथीनुसार हलतात, म्हणून तारीख हवीच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या हार्डिसन निकालामुळे रजा नाकारायला किरकोळ खर्चाची सबबही चालायची. त्याच न्यायालयाच्या २०२३ च्या ग्रॉफ निकालानंतर मालकाला आपल्या धंद्याच्या मानाने मोठा भार पडतो हे दाखवावं लागतं. कामगारांसाठी हा फार मोठा बदल आहे. मात्र पगारी रजेचाच हट्ट धरू नये. १९८६ च्या फिलब्रुक निकालानुसार बिनपगारी रजा सहसा पुरेशी ठरते. फक्त बाकी सगळ्या कारणांना पगारी आणि धर्मालाच बिनपगारी, असा भेद चालत नाही.

तक्रारीनंतर १० दिवसांत कंपनीला नोटीस जाते. मध्यस्थी फुकट असते, पण दोघांची तयारी लागते. आयोगाकडून दाव्याच्या परवानगीची नोटीस मिळाली की कोर्टात जायला फक्त ९० दिवस. ती नोटीसही पोर्टलवर येते आणि कळवणारा मेल स्पॅममध्ये पडू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून बघावं.