लिपस्टिकची तयार हँगिंग: झाड पास, बशी नापास

नर्सरीत शिरताच शेडनेटखाली ओळीने टांगलेली दिसते ती ही ८ इंची पांढरी प्लास्टिकची कुंडी. तीन पायांचा हँगर, खाली खटक्यांनी बसवलेली बशी, चहूबाजूंनी लोंबणाऱ्या वेली आणि त्यांच्या टोकांना गर्द मरून नळ्यांतून डोकावणारी लाल फुलं. नर्सरीवाला ‘लिपस्टिक’ म्हणतो, पुस्तकी नाव एस्किनॅन्थस रॅडिकन्स. त्या ग्रीक नावात ‘लाज’ असा शब्द आहे, म्हणजे लाजेचं फूल आणि हाक मारायची लिपस्टिक! किंमत साधारण तीनशे ते पाचशे.

घ्यावी का? जरूर घ्या, झाड चिवट आहे. पण जशी आणली तशीच टांगून ठेवाल तर एखाद्या पावसाळ्यात ती कुजणार. दोष झाडाचा नाही, त्याच्याबरोबर येणाऱ्या मातीचा आणि बशीचा.

हे झाड मुळात मलेशिया-इंडोनेशियाकडच्या दमट जंगलातलं, दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. आपल्या पश्चिम घाटातही याचा एक भाऊबंद असाच शेवाळलेल्या फांद्यांवर राहतो. मुळांना पाणी लागतं तेवढीच हवाही लागते. आणि दुकानातल्या कुंडीत बहुतेक वेळा असतो चिकट मातीचा गोळा, वरून दिसायला कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची पातळ चादर. म्हणून घेताना दोन बोटं पेरभर आत खुपसून बघा. आत लोण्यासारखी माती लागली, तर माती बदलण्याचा खर्च किमतीत धरा. नुसती उचलूनही अंदाज येतो. या मापाच्या कुंडीत साधारण ३ लिटर भर बसते. बागेच्या मातीची असेल तर ओली कुंडी ५ किलोच्या घरात जाते, हलक्या मिश्रणाची अडीचच्या आतच राहते. वेली बाजूला सारून मध्यभागही बघा. कलमं कडेकडेने लावलेली आणि मधे टक्कल, असा प्रकार सर्रास असतो.

माती बदलायची घाई मात्र करू नका. झाड कळ्यांवर असताना मुळांना हात लावला की कळ्या गळतात. बहर ओसरू द्या, तोवर फक्त बशी काढून ठेवा. मग कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवा, गोळा सैल झाला की बाहेरची माती बोटांनी सुटी करा. गाभ्यातली मुळं ओढू नका, तिथली माती राहिली तरी चालेल. भरायला नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, कोकोपीट १, परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) १, गांडूळखत १ आणि मूठभर कोळशाचे तुकडे. सोडणाचे तुकडे रात्रभर भिजवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, त्यात क्षार असतात आणि पानांच्या कडा करपतात त्या यानेच. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट फुगून ८-९ लिटर होते, एका कुंडीसाठी अख्खी भिजवू नका. कुंडी तीच वापरा. मोठ्या कुंडीत झाड पानंच काढत बसतं, शिवाय न वापरलेला ओलावा मुळांपाशी साचतो.

आता ती बशी. तीन खटक्यांनी कुंडीच्या बुडाला अशी घट्ट बसते की पाणी साचलेलं खालून दिसत नाही आणि वरून वेली आड येतात. बूड त्या पाण्याला टेकून राहिलं की खालची मुळं तपकिरी, पिळल्यावर साल सुटून येणारी होतात. पानं मात्र पिवळी पडून गळतात, म्हणून माणूस समजतो की पाणी कमी पडतंय आणि आणखी घालतो. डेंग्यूच्या डासांना तर अशी बशी आयतं घर, साचल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो. बाल्कनीत बशी हवीच कशाला? दिवाणखान्यात टांगायची असेल तर कुंडी बाथरूममध्ये नेऊन पाणी घाला, वीस मिनिटं निथळू द्या आणि मग बशी लावा.

हँगर कामचलाऊ. पश्चिमेच्या उन्हात प्लास्टिक आधी पांढुरकं होतं, मग कडेच्या भोकात अडकवलेली टोकं तडकतात. तिन्ही भोकांतून जस्ताच्या मुलाम्याची तार किंवा साखळी ओवून घ्या. छताला ८ मिमीचा हूक फास्टनर स्लॅबमध्येच ठोका. पीओपीच्या छतात स्क्रू पिळून वर पाच किलो टांगणं म्हणजे खालच्याच्या डोक्याशी वैर.

पाणी किती, याला आठवड्याचं गणित लावू नका. सामान तोलायचा छोटा काटा हुकाला अडकवा. भरपूर पाणी घालून निथळलेली कुंडी २ किलो २०० भरली, तर १ किलो ४०० च्या आसपास आली की पुन्हा पाणी. काटा नसेल तर पान चिमटीत धरा: जाड आणि कडक म्हणजे थांबा, मऊ आणि किंचित सुरकुतलेलं म्हणजे पाणी द्या. कोकोपीट पार वाळलं की कडेपासून सुटतं, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच. अशा वेळी झारी सोडा, कुंडी बादलीत वीस मिनिटं बसवा.

फुलं येत नाहीत ही तक्रार नव्वद टक्के उजेडाची असते. पूर्वेच्या बाल्कनीतलं सकाळी दहापर्यंतचं ऊन उत्तम, दुपारचं नको. एसीचा झोत अंगावर नको. वाढीच्या दिवसांत १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरमागे १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी ओल्या केलेल्या कुंडीत. थंडीत बंद. फुलं वेलीच्या टोकांवर येतात, त्यामुळे जितकी टोकं तितकी फुलं. बहर संपला की प्रत्येक वेल तिसरा हिस्सा छाटा. छाटलेल्या वेलींची बोटभर लांबीची कलमं करा, खालच्या दोन पेरांवरची पानं काढून मधल्या टकलात खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि १ मिली पातळ साबण, संध्याकाळी, दर सात दिवसांनी तीनदा. उन्हात फवारलंत तर पानं भाजतील.

नर्सरीत त्याच दांडीवर शेजारी होया (मेणासारख्या फुलांच्या गुच्छांचा वेल) टांगलेला असेल, तोही घ्या. माती, पाणी, उजेड सगळं तेच. फरक कात्रीचा. होयाची फुलं गळून गेल्यावर जो बोडका देठ राहतो, तो कापू नका, पुढच्या खेपेचा गुच्छ त्याच देठावर येतो.