कॅनन आर १०, आठ महिन्यांनंतर: पक्षी टिपायला घेतला होता

गेल्या नोव्हेंबरात कॅनन ईओएस आर १० कॅमेरा घेतला, सोबत १००-४०० एमएमची झूम लेन्स. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटे पैठणला नाथसागराच्या काठावर असतो.

दुकानदार मोठ्या झूमचा कॅमेरा गळ्यात मारायला बघत होता, आकडा ऐकून मीही भुललो होतो. पण पक्ष्यांची खरी लगबग उजाडताना असते, आणि तेव्हा उजेडाचीच बोंब. तसल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखाहून लहान असतो. आर १० चा एपीएस-सी आकाराचा सेन्सर क्षेत्रफळाने दहापट तरी मोठा. फुल फ्रेमपेक्षा मात्र तो लहान, चित्राच्या कडा कापल्या जातात; या १.६ च्या क्रॉपमुळे ४०० ची लेन्स ६४० सारखी पोचते. दूर पाण्यात उभे असलेले रोहित (फ्लेमिंगो) तरीही ठिपक्याएवढेच येतात.

पैसे वसूल झाले ते कवड्या खंड्या या पक्ष्यापायी. हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो. चोच खाली, डोकं जराही हलत नाही, आणि मग एकदम सूर. कॅमेऱ्यात प्राण्यांची ओळख चालू ठेवली की फोकसची चौकट त्याच्या डोळ्याला चिकटते. सेकंदाला १५ फोटो, शटर १/२००० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००. फेब्रुवारीत एका सकाळी चोचीतल्या मासोळीचे खवले मोजता येतील असा फोटो मिळाला. घरी मोठा करून बघितला तेव्हा अंगावर काटा आला.

लेन्स ६३५ ग्रॅमची, दिवसभर गळ्यात असली तरी मान धरत नाही. हलकी आहे कारण ४०० ला तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ८ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). सूर्य वर यायच्या आधी आयएसओ १२८०० वर न्यावा लागतो, फोटोत दाणे दिसतात. मला चालतात.

आपल्याकडच्या उन्हाचं मात्र कुणी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये नऊ वाजले की झळा उठतात आणि लांबचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. तिथे कितीही महागडी लेन्स लावा, उपयोग शून्य. तेव्हा सरळ घरी यावं. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. काळ्या रानातली धूळ सेन्सरवर बसली की निळ्या आभाळात डाग दिसतो. धूळ उडवायचा ब्लोअर जवळ ठेवाच.

अजिंठ्याला ही लेन्स पिशवीतच राहिली. १ नंबरच्या लेण्यात अंधार, फ्लॅशला बंदी. पद्मपाणीचा चेहरा मिळाला तो ५० एमएम एफ १.८ वर, श्वास रोखून. तुमचं मन लेण्यांत असेल तर आधी तीच घ्या. चालता चालता व्हिडिओ काढणार असाल तर बॉडीत हाताची थरथर सावरायला सेन्सर स्थिर करायची सोय नाही, हे बघून ठरवा.