जावात सीड कुठून घ्यावं: रँडम, सिक्युअररँडम की गेटइन्स्टन्सस्ट्राँग?

टोकन, सेशन आयडी किंवा एन्क्रिप्शनच्या किल्लीसाठी सीड (ज्यावरून पुढचे यादृच्छिक आकडे तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) हवं असेल, तर साधा रँडम क्लास पहिल्याच फेरीत बाद. त्याची अंतर्गत स्थिती फक्त 48 बिटांची असते. आकडा देणारी त्याची मेथड नेक्स्टइंट दर वेळी त्यातले 32 बिट उघड करते. तिचे लागोपाठचे दोन आकडे हाती लागले, तर उरलेले 16 बिट, म्हणजे 65,536 शक्यता, तपासून पुढचे सगळे आकडे काढता येतात. त्यात सीड म्हणून मिलिसेकंदातली वेळ दिली असेल तर आणखीच सोपं. अख्ख्या दिवसात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख, आणि संगणकाला एवढे अंदाज म्हणजे किरकोळ काम. गेम किंवा सिम्युलेशनला मात्र हा क्लास खुशाल वापरा.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. गेटइन्स्टन्सस्ट्राँग ही सिक्युअररँडमचीच मेथड, जावा 8 पासून आहे. नाव भारदस्त, पण लिनक्सवर ते सहसा डेव्ह-रँडममधून, म्हणजे यादृच्छिक बाइट देणाऱ्या सिस्टिमच्या फाइलमधून, वाचतं. लिनक्स कर्नल 5.6 च्या आधी एन्ट्रॉपी (सिस्टिमने गोळा केलेली अनिश्चितता) कमी पडली की ते वाचन अडकून राहायचं, आणि नुकत्याच सुरू झालेल्या व्हर्च्युअल मशीनवर सर्व्हर का उठत नाही ते कळायचं नाही. न्यू सिक्युअररँडम लिनक्सवर सहसा डेव्ह-युरँडम वापरतो आणि असा अडत नाही. दीर्घकाळ टिकणारी किल्ली एकदाच बनवायची असेल तर गेटइन्स्टन्सस्ट्राँग ठीक. वेब सर्व्हरसाठी मी डोळे झाकून न्यू सिक्युअररँडम घेईन.

फक्त सेटसीडला हात लावू नका. ‘जास्त सुरक्षित’ म्हणून स्वतःचं सीड घालायचा मोह होतो, पण त्याचा परिणाम आत कोणता अल्गोरिदम आहे त्यावर ठरतो. नेटिव्हपीआरएनजीत तुमचं सीड आधीच्या एन्ट्रॉपीत मिसळतं. एसएचए1पीआरएनजीत पहिले बाइट मागण्याआधी सेटसीड केलं, तर फक्त तुमचंच सीड उरतं. तेच सीड दिलं की तेच आकडे. बाहेरून क्लास एकच दिसतो, म्हणून कोड तपासतानाही हे निसटतं.

वारसाहक्काचाही एक खड्डा आहे. सिक्युअररँडम हा रँडमचाच उपवर्ग. तुमच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पॅरामीटरचा प्रकार रँडम लिहिला, तर टेस्टसाठी दिलेला न्यू रँडम 42 (42 हे ठरावीक सीड) प्रॉडक्शनपर्यंत जाऊ शकतो आणि कंपायलर हूं की चूं करत नाही. तिथे सिक्युअररँडम हाच प्रकार लिहा. टेस्टला ठरावीक आकडे हवेत, तर त्याचा छोटा उपवर्ग टेस्टच्या फोल्डरमध्येच ठेवा.