सिड म्हणून रेकॉन गळ्यात मारला, ३८,५०० रुपये गेले

पैसे घेऊन फोन बंद करणारे भामटे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्यापासून मी सावधच होतो. माझ्या बाबतीत माल, म्हणजे सायकलचा पुढचा सस्पेन्शन फोर्क, आला, वेळेवर आला, बबल रॅपमध्ये छान गुंडाळून आला. आणि तिथेच घोळ झाला, कारण आता जो तो मला विचारतो, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?"

सायकल जायंट अँथम, २९ इंची चाकं, कार्बन फ्रेम, ट्रॅव्हल (धक्क्याला सस्पेन्शन दबतं ते अंतर) मागे ९० मिमी आणि पुढे १०० मिमी. पुण्यातल्या पाषाण टेकडीच्या आणि बोपदेव घाटाच्या चिखलाने फोर्कच्या नळ्यांचं कोटिंग खाल्लं होतं. सील बदलूनही तेल पाझरायचं. नळ्यांचा वरचा सगळा भाग बदलायचा खर्च ऐकला आणि म्हटलं, त्यापेक्षा हलका फोर्कच घेऊ. सायकल ११ किलोच्या आत आणायची हौस होतीच. रॉकशॉक्सचा सिड एसएल अल्टिमेट, वजन तेराशे-साडेतेराशे ग्रॅम. दुकानात नव्याचा भाव ८४,००० सांगितला. जुन्या पार्ट्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४२,०००ला दिसला.

विकणारा कोल्हापूरकडचा म्हणवत होता. गुडघा गेला, रेसिंग बंद, म्हणून विकतोय. "दादा, तुम्ही चालवणारे आहात म्हणून देतो, नाहीतर डीलरला दिला असता." बोलणं इतकं माहितीचं की शंका यायला जागाच नव्हती. आतला चार्जर रेस डे डॅम्पर, हवेच्या स्प्रिंगची सर्व्हिस कधी केली, स्टीअरर (हँडलकडे जाणारी नळी) किती मिमी कापलाय, सगळं तोंडपाठ. ३८,५००वर सौदा ठरला. १०,००० टोकन यूपीआयने, उरलेले २८,५०० कुरियरची पावती आल्यावर, कुरियरचे ६५० वेगळे.

मी तपासलं नाही असं कुणी म्हणू नये. सिरियल नंबर मागितला. त्याने फोटो पाठवला, मी तो रॉकशॉक्सच्या साइटवर टाकला, सिड एसएल अल्टिमेटच निघाला. फक्त त्या फोटोत नंबर आणि दोन बोटं रुंदीचा काळा धातू, बाकी काही नाही. तो नंबर भलत्याच फोर्कचा होता. नंबरचा फोटो कधीच मान्य करू नका. एकाच सलग व्हिडिओत नंबर, मग अख्खा फोर्क, मग तोच फोर्क वजनकाट्यावर, आणि शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. कां-कूं केली की तिथेच नमस्कार.

आता ती पावती. दुपारी ऑफिसात असताना फोटो आला. वजन २.९ किलो, छापलेलं, ठळक. मी ते वाचलं. सीटपोस्टचा बोल्ट टायटॅनियमचा घेऊन १२ ग्रॅम वाचवणारा माणूस मी, आणि तेराशे-साडेतेराशे ग्रॅमच्या फोर्कचं पार्सल २.९ किलो वाचून मी काय केलं? २८,५०० पाठवले. मनात आलं की कुरियरवाले काट्यावर नाही, खोक्याच्या मापावर वजन लावतात. लावतातच! लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार, भागिले ५,०००. पण त्याच पावतीवर माप होतं ७० बाय २५ बाय २०. म्हणजे ७ किलो. २.९ हे सरळ काट्यावरचं वजन होतं, आणि हा हिशेब मी पार्सल आलं त्या रात्री, घरी खोकं फोडल्यावर केला. त्या दुपारी विकणारा दर पाच मिनिटांनी "दादा, झालं का? दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" करत होता. घाई करणाऱ्याला पैसे देऊ नका, हे मला कुणी सांगायची गरज नाही, तरी लिहितो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर फोर्क २ किलो २४० ग्रॅम. मेकॅनिकने खिशातलं लोहचुंबक नळीला लावलं, चिकटलं. सिडच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. हा रेकॉन सिल्व्हर, रॉकशॉक्सचाच स्वस्तातला फोर्क, नळ्या पोलादी, जाडी तीच ३२ मिमी, वरून सिडचे स्टिकर. क्राउनच्या (दोन्ही नळ्या जोडणाऱ्या वरच्या भागाच्या) मागचा नंबर घासून काढलेला. लोहचुंबक दहा रुपयांना मिळतं, घेऊन ठेवा. रेकॉन वाईट नाही हो, पण तो रेकॉनच्या भावात.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. मग चौकी. "सायकलचा पार्ट चाळीस हजारांचा? मोटरसायकलचा म्हणायचंय का?" हे आधी. मग "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." दुसऱ्याच्या मालाचा नंबर दाखवून पैसे काढले, ही दिवाणी बाब? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? हद्दीचं कारण सांगितलं तेव्हा झिरो एफआयआरचं (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो त्या गुन्ह्याचं) विचारलं, तर साहेब म्हणाले, "फार वाचता तुम्ही." सायबरवाल्यांनी रक्कम लहान म्हणून परत चौकीत पाठवलं, चौकीने ऑनलाइन पैसे गेले म्हणून परत सायबरकडे. बँकेचं उत्तर एका ओळीचं: पिन तुम्हीच टाकलात. कुरियरवाला म्हणतो आम्ही खोकं पोचवतो, आत काय ते आम्हाला माहीत नाही. ग्रुपच्या ॲडमिनने तर माझीच पोस्ट काढली, "ग्रुपचं वातावरण बिघडतं" म्हणून. त्या भामट्याची जाहिरात मात्र संध्याकाळपर्यंत तशीच होती!

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. माझा अर्धाच आहे आणि त्यावरूनही चौकीत ऐकून घ्यावं लागलं. शक्य असेल तर गाडी भाड्याने करून स्वतः जा, पेट्रोलचे हजार-दोन हजार गेले तरी चालतील.

तेच फोटो आता दुसऱ्या फोन नंबरावरून फिरतायत, भाव ३६,०००. ओळखायचे असतील तर करड्या शहाबादी फरशीवर उभा फोर्क, मागे निळी बादली, आणि डाव्या पायावरचा सिडचा स्टिकर जरासा तिरका.