'झिरो लॅटन्सी' म्हणून गळ्यात मारलेला वायरलेस सेट

गणपती-नवरात्राच्या सीझनच्या तोंडावर कोणी गिटारसाठी वायरलेस सेट (केबलऐवजी गिटारला ट्रान्समीटर, अँप्लिफायरला म्हणजे अँपला रिसीव्हर) घेणार असेल तर आधी हे वाचा. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. दुकानाचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे. काउंटरवरचा डेमो सेट मी स्वतः वाजवून पाहिला होता. केबल लावल्यासारखाच चालत होता. बिल झालं आणि आतून सीलबंद डबा आला. बाहेरून सगळं तेच: तसाच काळा प्लग, तसाच निळा दिवा, डब्यावर ठळक अक्षरांत 'झिरो लॅटन्सी', म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंत शून्य उशीर.

पहिल्याच प्रोग्रॅमला घोळ झाला. तार छेडली की आवाज स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून मागाहून यायचा. तो गाठायला मी हात पुढे काढायचो, मग लय पळायची आणि ऑक्टोपॅडवाला माझ्याकडे डोळे वटारायचा. शेवटी निवेदकाने विनोद सांगून वेळ काढला, तेवढ्यात मी केबल खुपसली.

दुकानदाराची उत्तरं ऐकण्यासारखी होती. "सर, पब्लिकच्या मोबाइलमुळे सिग्नल मार खातो." आता असे सेट आणि मोबाइल दोन्ही वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्‌झवर गर्दी असते हे खरंच; पण त्याने आवाज तुटतो, चरचरतो. एकसारखा उशीर होत नाही. मग म्हणाला, "स्टेज मोठं असेल." आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. मी घरी वाय-केबलने (एका केबलचे दोन फाटे) गिटार दोन ट्रॅकवर रेकॉर्ड केली, एकावर थेट केबल, दुसऱ्यावर वायरलेस. एकाच ठोक्याच्या दोन रेघांत १८० मिलिसेकंदांचं अंतर! तेवढा उशीर व्हायला अँपपासून साठ मीटर लांब उभं राहावं लागेल, म्हणजे मांडवाबाहेर, वडापावच्या गाडीपाशी.

बऱ्यापैकी डिजिटल सेटचा उशीर ३ ते ६ मिलिसेकंद असतो, वाजवताना जाणवतही नाही. १८० म्हटल्यावर संशय आला. ट्रान्समीटर बंद ठेवून मोबाइलचं ब्लूटूथ चालू केलं, तर रिसीव्हर यादीत हजर. गाणी ऐकायच्या इयरफोनमधला माल गिटारच्या प्लगमध्ये भरून विकला होता.

तेव्हा डेमोवर जाऊ नका. घरी न्यायचा तोच डबा दुकानात फोडायला लावा. संथ स्ट्रमिंगमध्ये उशीर लपतो. तारा तळव्याने दाबून 'चक-चक' असे तुटक फटके मारा, आणि मोबाइलची ब्लूटूथ यादी तिथेच उघडून बघा. लॅटन्सी किती मिलिसेकंद ते बिलावर लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली तर पाकीट खिशातच ठेवा.

"सील फोडलं, आता परत नाही" हे मलाही ऐकवलं. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दोन ट्रॅकचा स्क्रीनशॉट आणि ब्लूटूथ यादीचा फोटो जपून ठेवला होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता दुकानदार स्वतःहून फोन करतोय, "सर, डेमोचाच सेट घेऊन जा." मी पैसे परत मागितलेत.