स्टिक्स टू मॅथ : भूमितीचे पेपर टाईप करणाऱ्यांसाठी फुकटातला फॉन्ट

मराठी माध्यमाच्या भूमितीच्या पेपरात सगळ्यात जास्त राबणारं चिन्ह कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ‘म्हणून’चं ∴ सांगेन. बेरीज-वजाबाकी त्याच्या मागे. दहावीच्या गणित भाग २ मधली कुठलीही सिद्धता उघडा, डावीकडे ∴ ची रांग लागलेली असते आणि अधूनमधून एखादं ‘कारण’चं ∵. यातल्या एकालाही कीबोर्डवर जागा नाही. माझं डीटीपीचं दुकान, गिऱ्हाईक म्हणजे क्लासवाले सर आणि आसपासच्या शाळा. त्यामुळे या ठिपक्यांशी रोजचाच संबंध.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या दिवसांत सगळ्यांची भिस्त सिम्बॉल फॉन्टवर असायची. \ दाबलं की ∴ दिसायचं, @ दाबलं की ≅, आणि ^ दाबलं की लंबाचं ⊥. आत मात्र \ ते \ च राहायचं, वरून नुसतं सोंग. फाईल दुसरीकडे नेली, फॉन्ट बदलला, की सोंग उतरलं. एकरूप त्रिकोणांच्या मध्ये @ छापलेले पेपर तुम्हीही पाहिले असतील. ∵ तर त्या फॉन्टात नव्हतंच. मग कुणी ∴ उलटं फिरवून चिकटवायचं, कुणी सरळ ‘कारण’ लिहायचं, आणि कुणी ट्रेसिंगवर काळ्या पेनाने तीन ठिपके द्यायचं. रिसोवर, म्हणजे प्रती काढायच्या मशिनवर, त्यातला एखादा ठिपका हमखास उडायचा.

आता मी स्टिक्स टू मॅथ वापरते आणि गणिताच्या कामाला दुसरा फॉन्ट उघडत नाही. अमेरिकेतल्या गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या मोठ्या संस्था, विद्युत अभियंत्यांची आयईईई ही संस्था आणि एल्सेव्हिअर प्रकाशन अशांनी एकत्र येऊन शास्त्रीय छपाईसाठी स्टिक्स करवून घेतला. पहिली आवृत्ती २०१० साली आली. २०१६ च्या स्टिक्स टूचं काम कॅनडाच्या टायरो टाइपवर्क्सने केलं. परवाना खुला आहे : डाउनलोड करा, छापा, पीडीएफमध्ये घाला, कुणाला एक रुपया द्यायचा नाही. डीटीपीवाल्याला याहून गोड बातमी नाही.

चिन्हं खऱ्या युनिकोड जागी आहेत, म्हणजे प्रत्येकाला जगभर एकच ठरलेला कोड. वर्डमध्ये २२३४ टाईप करून ऑल्ट धरून एक्स दाबा, ∴ हजर. २२३५ ला ∵, २२४५ ला ≅, २२२० ला ∠. (आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरून.) भूमितीवाल्यांनी एक सांभाळायचं. आकड्याच्या आधी ए, बी, सी, डी असं अक्षर चिकटून असेल तर वर्ड तेही कोडचाच भाग धरतं, कारण या कोडमध्ये ए ते एफ ही अक्षरंही चालतात. आणि आपल्या त्रिकोणांची नावं बहुतेक त्याच अक्षरांची! म्हणून आधी फक्त आकडे सिलेक्ट करायचे, मग ऑल्ट-एक्स. मी तर ऑटोकरेक्टमध्येच बसवून टाकलंय : दोन अर्धविराम दिले की स्टिक्समधलंच ∴ येतं. तिथे ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ हा पर्याय निवडायचा, म्हणजे फॉन्टही सोबत येतो.

फॉन्ट सोबत येण्याचं एवढं कौतुक का? तुमच्या मराठी फॉन्टात ∴ नसेल तर संगणक ते दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टातून उसनं आणतो. ∴ आणि ∵ ही दोन्ही जपानी अक्षरसंचात आहेत, म्हणून कधीकधी उसनवारी थेट जपानी फॉन्टातून होते. तिथे प्रत्येक चिन्हाला अख्ख्या चित्राक्षराएवढी चौकोनी जागा मिळते. मग ∴ च्या दोन्ही बाजूंना अशी फट पडते की सरांना वाटतं, आम्ही स्पेसबारवर झोपलो होतो.

छापल्यावर कसा दिसतो? अकरा पॉइंटात ठिपके गोल, सुटे आणि पुरेसे भरीव. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी तिन्ही जागेवर. ∠ चं टोक धारदार आहे, ≅ वरची लाट नीट लाटच दिसते; समरूपतेचं ∼ आणि एकरूपतेचं ≅ यांत पोरांचा घोळ व्हायला नको, तेव्हा हे महत्त्वाचं.

खोट सांगायची तर याला बोल्ड नाही, एकच वजन, म्हणजे एकच जाडी. वर्डमध्ये बी दाबलं की संगणक आपल्या मनाने चिन्ह जाड करतो आणि ते सुजल्यासारखं दिसतं. मथळ्यात चिन्ह टाळा. देवनागरीही यात नाही, त्यामुळे ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ यांना वेगळा फॉन्ट लागणारच. मी टायरो देवनागरी मराठी लावते. तोही टायरोचाच, तोही फुकट, आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे, हिंदी धाटणीचे नाहीत. दोन्ही एका ओळीत ठेवले की रेघांची जाडी एकमेकींना खटकत नाही. देवनागरी मात्र एखाद पॉइंट मोठी ठेवावी लागते.

एका सरांनी मध्यंतरी विचारलं, ∴ आणि ∵ उलटसुलट झालं तर मार्क कापायचे का? ते सरांनी ठरवावं. पण १६५९ साली योहान रान या स्विस गणितज्ञाने आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात हे ठिपके वापरले, तेव्हा दोन्ही प्रकारे मांडून अर्थ ‘म्हणून’ असाच घेतला होता. ‘कारण’वालं ∵ वेगळं झालं ते बरंच नंतर.

पाचपैकी साडेचार. अर्धा बोल्डसाठी कापला. पेपर टाईप करून घ्यायला येणाऱ्या सरांना एकच विनंती : वर्डची फाईल आणा, सोबत पीडीएफही असू द्या, आणि ∴ च्या जागी तीन पूर्णविराम टाकून आणू नका. ते शोधून बदलायला गेलं की रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नातले ठिपकेही सगळे ∴ होतात.